आवाज मोठा, शब्द गायब : हॉलमधील लाऊडस्पीकर आणि अंतराचा हिशेब

कापडाच्या एका लिलावात आम्ही ५७ नंबरच्या लॉटसाठी हात वर केला आणि आमच्या गळ्यात ५८ नंबरचा लॉट पडला. जोहरची नमाज आटोपून पोहोचायला थोडा उशीर झाला होता, म्हणून शेवटून दुसऱ्या रांगेत बसलो. ५७ म्हणजे चांगले शर्टिंग, ते आम्ही येण्याआधीच निघून गेले होते. ५८ म्हणजे रंग उडालेला, डागी माल. पुकारणारा "अठ्ठावन्न" म्हणाला, आमच्या कानावर "सत्तावन्न" आले. माल नाकारला तर अनामत जप्त, असा नियम. माल उचलला आणि शेवटी फेंटच्या भावात, किलोवर विकून मोकळे झालो.

तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, "शेठ, आवाज तर एवढा मोठा होता की बाहेर रस्त्यावर ऐकू येत होता!" ते खोटे नव्हते. आवाज खरोखरच भरपूर होता. शब्द तेवढा पोहोचला नव्हता. त्या दिवसापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. इंजिनिअरांना विचारले, पुस्तके चाळली, आणि असे दिसून आले की हा विषय निम्मा आमच्याच धंद्याचा, म्हणजे कापडाचा आहे. लिलावाचा हॉल, शादीखाना, जमातखाना, मदरशाचा वर्ग, व्यापारी संघटनेची सभा, सगळीकडे एकच चूक होते आणि तिच्यावर पैसा वाया जातो. म्हणून वाचक बंधूंसाठी हा हिशेब मांडत आहोत.

मैदानातला हिशेब

प्रथम मोकळे मैदान घेऊ, कारण तेथील हिशेब सरळ आहे. स्पीकरमधून निघालेला आवाज पसरत जातो. अंतर दुप्पट झाले की तोच आवाज चौपट जागेवर पसरतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी त्याची ताकद चौथाई राहते. आवाज मोजण्याचे माप डेसिबल. या मापात चौथाई म्हणजे ६ डेसिबलची घट. स्पीकरपासून ४ फुटांवर ९० डेसिबल असेल तर ८ फुटांवर ८४, १६ फुटांवर ७८, ३२ फुटांवर ७२ आणि ६४ फुटांवर ६६. ईदगाहच्या मैदानात साधारण हेच घडते. मागे उभ्या माणसाला आवाज बारीक येतो, पण जेवढा येतो तेवढा स्वच्छ येतो.

बंद हॉलमध्ये हा हिशेब थोड्या अंतरापर्यंतच चालतो. पुढे गाडी दुसऱ्या रुळावर जाते, आणि नेमके हेच लोकांच्या लक्षात येत नाही.

हॉलमधले दोन आवाज

हॉलमध्ये बसलेल्या माणसाच्या कानावर एकाच स्पीकरचे दोन आवाज येतात. एक थेट आवाज, जो स्पीकरकडून सरळ कानाकडे येतो. तो मैदानासारखाच दर दुप्पट अंतराला ६ डेसिबलने उतरतो. दुसरा घुमणारा आवाज. तो भिंतीवर आपटतो, तेथून छतावर, छतावरून फरशीवर, असा शेकडो वेळा फिरून येतो. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, तेथे याला बाजगश्त म्हणत. हा घुमणारा आवाज अंतराने फारसा कमी होत नाही. पहिल्या रांगेत जेवढा, जवळपास तेवढाच शेवटच्या रांगेत. संपूर्ण हॉल त्याने टाकी पाण्याने भरावी तसा भरलेला असतो.

म्हणजे स्पीकरजवळ थेट आवाज जास्त, घुमणारा कमी. मागे सरकत गेलो की एका अंतरावर दोन्ही सारखे होतात. त्याच्या पलीकडे घुमणाऱ्याचे राज्य सुरू होते. या ठिकाणाला इंजिनिअर क्रिटिकल डिस्टन्स म्हणतात, आपण बरोबरीचे अंतर म्हणू. या अंतराच्या साधारण तिप्पट लांब गेले की शब्द समजणे कठीण होऊ लागते. तेथे मीटर लावून पाहिले तर आवाज मोठाच दिसतो, आणि मिस्त्री म्हणतो, "सब ठीक है."

शब्द का मरतो तेही समजून घ्यावे. बोलण्यातील जोर स्वरांत असतो, आ, ओ, ए यांत. अर्थ मात्र व्यंजनांत असतो. सात, साठ, आठ हे तीन शब्द पाहा. मधला "आ" तिघांतही तोच, आणि तोच सर्वांत जोरदार. फरक स, त, ठ यांचा, आणि हे आवाज क्षणभराचे, नाजूक आणि उंच पट्टीचे. हॉलमध्ये मागच्या स्वराची शेपटी अजून घुमत असते, तिच्याखाली पुढचे व्यंजन दबून जाते. सत्तावन्न आणि अठ्ठावन्न यांत "आवन्न" तेवढे शिल्लक राहते. ज्याच्या कानाचे वय झाले आहे त्याचे आणखी हाल, कारण उतारवयात उंच पट्टीचे आवाजच आधी कमी ऐकू येऊ लागतात.

गाद्या उचलणारा प्रोफेसर

या घुमण्याचे माप प्रथम व्यवस्थित काढले ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सॅबिन यांनी. १८९५ मध्ये त्यांच्याकडे विद्यापीठाच्या फॉग म्युझियममधील व्याख्यानाचा हॉल दुरुस्त करण्याचे काम आले. त्या हॉलमध्ये उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. सॅबिन रात्रीच्या शांततेत ऑर्गनची नळी वाजवत आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजत. मग जवळच्या सँडर्स थिएटरमधून खुर्च्यांवरच्या गाद्या आणून हॉलमध्ये ठेवत आणि पुन्हा मोजत. जितक्या गाद्या जास्त, तितका घुमण्याचा वेळ कमी. सकाळी व्याख्याने सुरू होण्याआधी गाद्या परत जागेवर. १८९८ पर्यंत त्यांचे सूत्र हाती आले आणि १९०० मध्ये उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल त्यांच्या सल्ल्याने बांधला गेला. हे वाचून आम्हाला फार बरे वाटले. ध्वनिशास्त्राचा पाया गादी-कापडावर घातला गेला आहे, हे आमच्या बाजारात किती जणांना ठाऊक असेल?

सूत्र सोपे आहे. सर्व मापे फुटांत घ्यावी. हॉलची लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करावा, त्याला ०.०४९ ने गुणावे आणि हॉलमधील एकूण "आवाज पिणाऱ्या जागेने" भागावे. उत्तर सेकंदांत येते. सॅबिन यांनी पिण्याचे माप उघड्या खिडकीचे धरले. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून १ चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे पूर्ण १. प्लॅस्टर, मार्बल, ऑइलपेंट, लादी यांचे माप ०.०१ ते ०.०३ च्या आसपास, म्हणजे शंभरातला सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग आवाज ते परत फेकतात.

एका हॉलचा हिशेब

आमच्याकडील एक जमातखाना ६० फूट लांब, ४० फूट रुंद, १४ फूट उंच आहे. घनफळ ३३,६०० घनफूट. याला ०.०४९ ने गुणले की सुमारे १,६४६. फरशी, छत आणि चारही भिंती मिळून ७,६०० चौरस फूट. त्यात १०० चौरस फूट खिडक्या उघड्या धरल्या. उरलेले ७,५०० चौरस फूट ०.०३ च्या दराने २२५. एकूण पिणारी जागा ३२५. भागाकार केला की रिकाम्या हॉलमध्ये शब्द ५ सेकंद घुमतो. माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरे बोलतो. म्हणजे एका वेळी वीसेक अक्षरे हवेत लोंबकळत असतात.

आता २०० माणसे आत आली. माणूस आणि त्याचे कपडे मिळून साधारण साडेचार चौरस फूट उघड्या खिडकीइतका आवाज पितात. २०० माणसांचे ९००. एकूण १,२२५, आणि घुमण्याचा वेळ सव्वा सेकंदाच्या जरा वर. केवढा फरक! जुम्याचा खुतबा भरलेल्या मस्जिदीत समजतो आणि फजरनंतरचा दर्स मोजक्या माणसांत घुमतो, त्याचे हेच कारण. आणि म्हणूनच रिकाम्या हॉलमध्ये "हॅलो, हॅलो, वन-टू-थ्री" करून साऊंड पास करणे म्हणजे गिऱ्हाईक न पाहता शेरवानी शिवणे होय.

बरोबरीचे अंतर किती? समोरच्या दिशेने आवाज फेकणारा चांगला स्पीकर धरला तर रिकाम्या हॉलमध्ये सुमारे ६ फूट, २०० माणसे असताना १२ फूट. त्याची तिप्पट ३६ फूट. हॉल मात्र ६० फूट. म्हणजे पुढच्या भिंतीवर स्पीकर लावला तर मागचा जवळपास ४० टक्के हॉल भरलेला असतानाही अडचणीत. ४ फुटांवर ९० डेसिबल असेल तर शेवटच्या रांगेत थेट आवाज ६६-६७ आणि घुमणारा ८० च्या आसपास. मागच्या माणसाला शब्द हवा आहे, त्याला मिळतो गोंगाट.

मोठा अँप्लिफायर काय करतो?

याच हॉलसाठी मिस्त्रीने मशवरा दिला होता, "चाचा, शंभरच्या जागी दोनशे वॅटचा घ्या, भिंती हलतील." भिंती हलतील हे खरे, त्याचाच तर त्रास आहे. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. पण ती गोष्टही सोडा. व्हॉल्यूम वाढवला की थेट आवाज जेवढा वाढतो तेवढाच घुमणाराही वाढतो. दोघांमधील १४ डेसिबलचा फरक जसाच्या तसा. पैसे खर्च झाले, विजेचे बिल वाढले, पहिल्या रांगेतील बुजुर्गांनी कानांवर हात ठेवले आणि मागच्याला तरीही ५७ की ५८ ते कळत नाही.

खर्चाशिवाय मिळणारी वाढ माइकमध्ये आहे. अंतराचा कायदा तेथेही तोच. तोंड आणि माइक यांत एक फूट असेल आणि ते अर्धा फूट केले, तर माइकमध्ये जाणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. चौपट वॅटच्या अँप्लिफायरचे काम फुकटात. शिवाय माइक हॉलचा घुमारा कमी उचलतो आणि सीटी मारणेही थांबते. आमचे वक्ते मात्र माइक हातभर लांब ठेवतात आणि साऊंडवाल्याला दोष देतात.

स्पीकर माणसाजवळ न्यावा

खरा इलाज अंतर तोडण्याचा आहे, आणि तो आपल्याला नवा नाही. सहीह बुखारीत नोंद आहे की प्रेषित (सल्ल.) यांच्या अखेरच्या आजारपणात त्यांचा आवाज क्षीण होता, तेव्हा हजरत अबू बक्र (रजि.) तकबीर लोकांपर्यंत पोहोचवीत. मोठ्या जमातीत मुकब्बिर उभा करण्याची पद्धत आजही आहे. इमामाने ओरडायचे नसते, मध्ये एक माणूस उभा राहून आवाज पुढे देतो. स्पीकरचे नियोजन याच धर्तीवर करावे.

वरच्या हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर दोन कॉलम स्पीकर, आणि ३० फुटांवर, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आणखी दोन. चौघांची तोंडे एकाच दिशेला, मागच्या भिंतीकडे. प्रत्येकाचा व्हॉल्यूम आधीपेक्षा कमी. आता कोणताही माणूस आपल्या स्पीकरपासून फार लांब नाही. एक इशारा मात्र आहे. स्पीकर वाढवले आणि सगळेच पूर्ण जोरात सोडले, तर प्रत्येकजण हॉलमध्ये आपापला घुमारा ओततो आणि फायदा निघून जातो. खूप स्पीकर म्हणजे चांगला साऊंड, असे नाही.

आवाज सेकंदाला सुमारे १,१३० फूट चालतो. ३० फुटांना त्याला सेकंदाचा सदतिसावा-अडतिसावा भाग लागतो. पुढचा आणि मधला स्पीकर यांच्यात एवढा फरक कानाला दोन आवाज म्हणून जाणवत नाही. जर्मनीच्या हेल्मुट हास यांनी यावरचे प्रयोग १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. पण अंतर ५०-६० फुटांच्या पुढे गेले की शब्द दोनदा ऐकू येऊ लागतो. मग मागच्या स्पीकरांना आवाज किंचित उशिरा पोहोचवणारे डिले यंत्र लागते. आजकालच्या बऱ्याच डिजिटल मिक्सरमध्ये ते आतच असते, नुसते चालू करावे लागते.

कॉलम स्पीकर उभाच टांगावा. उभा असला की त्याचा आवाज डावी-उजवीकडे पसरतो आणि वर-खाली आवळला जातो, छतावर वाया जात नाही. दिसायला छान म्हणून काही ठिकाणी तो आडवा बसवलेला आम्ही पाहिला आहे, तेथे हिशेब उलटा झाला. त्याचे तोंड थोडे खाली, मागच्या रांगेतील कानांकडे झुकवावे. भोंगा मैदानासाठी आहे, हॉलमध्ये त्याचे काम नाही.

कापड कोणते पिते?

आता आमच्या दुकानाचा विषय. प्रत्येक कापड आवाज पिते, हा गैरसमज आहे. मंडपाचे साटीन, व्हॉइल, पॉपलीन हे दिसायला चांगले, आवाजाच्या दृष्टीने जवळपास काहीच नाही. रेक्झिन तर भिंतच. आमची परीक्षा अशी: कापड तोंडाला लावून फुंकावे. हवा अजिबात जात नसेल तर आवाज आपटून परत येईल. हवा सहज आरपार जात असेल तर आवाजही आरपार जाऊन भिंतीवरून परतेल. फुंक जाते, पण जोर लागतो, असे जाड आणि वजनदार कापड आवाज पिते. जड मखमल, जाड ब्लँकेट, धनगरांची घोंगडी हे त्यातले. घोंगडीला आज गिऱ्हाईक कमी झाले आहे, पण या कामात ती अनेक महागड्या पडद्यांपेक्षा सरस ठरेल असे आमचे मत आहे.

पडदा ताणून लावू नये. ६ फूट भिंतीला १२ फूट कापड घेऊन चुण्या पाडाव्या. अशा चुणीदार जड मखमलीचे माप बोलण्याच्या मधल्या पट्टीत ०.५५ ते ०.७० पर्यंत जाते. भिंत आणि पडदा यांत चार-सहा इंच जागा सोडली तर आणखी फायदा. वरच्या हॉलच्या मागच्या भिंतीवर आणि मागच्या कोपऱ्यांत मिळून ६०० चौरस फूट असा पडदा लावला तर पिणारी जागा सुमारे ३१२ ने वाढते. फक्त ४० माणसे असतील तेव्हा घुमण्याचा वेळ सव्वातीन सेकंदांवरून दोनवर येतो, भरलेल्या हॉलमध्ये एका सेकंदाच्या जवळ. बोलण्यासाठी एक सेकंद उत्तम. सुरुवात मागच्या भिंतीपासून करावी, कारण स्पीकरचा सरळ मार तिच्यावर असतो.

जमिनीवरच्या गालिचानेही फरक पडतो, पण जास्त करून उंच पट्टीत. आणि ढोलाचा घुमारा कापडाने जात नाही. त्या आवाजाची एक लाट दहा-अकरा फूट लांब असते, तिला चार बोटे जाडीचा पडदा काय अडवणार? शादीखान्यात बँडचा त्रास कमी व्हावा म्हणून कोणी पडदे विकत असेल तर जपून. घुमटाच्या इमारतीही या हिशेबात बसत नाहीत, कारण गोलाकार छत आवाज एकवटून एका जागी फेकते. विजापूरला मुहम्मद आदिलशहाच्या मकबऱ्यात, गोलघुमटात, कुजबुज पलीकडच्या टोकाला ऐकू येते. तेथे पाहुण्यांना मौज वाटते, पण खुतबा द्यायचा असेल तर तीच मोठी अडचण. अशा जागी जाणत्या इंजिनिअरलाच बोलवावे.

पडदा विजेच्या बोर्डापासून, जोडण्यांपासून आणि गरम दिव्यांपासून लांब ठेवावा. सिंथेटिक कापड असेल तर आग लवकर न पकडणारी प्रक्रिया केलेलेच घ्यावे. यात पैसे वाचवू नयेत.

कायद्याचीही एक बाजू आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार लाऊडस्पीकरसाठी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत सभागृहासारख्या बंद जागेच्या आतला वापर सोडून तो चालत नाही. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज परिसरातील मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. ज्या हॉलमध्ये कमी व्हॉल्यूमवर शब्द समजतो, त्याचा आवाज बाहेरही कमी जातो.

खर्चाआधी एक परीक्षा

जमातखान्यात आम्ही जी परीक्षा घेतली ती कोणीही घेऊ शकतो. एका कागदावर पन्नास आकडे उलटसुलट लिहावे, मुद्दाम फसवे: सात, साठ, आठ, सत्तावन्न, अठ्ठावन्न, सदतीस, सदुसष्ट. एकाने माइकवर नेहमीच्या चालीने वाचावे. पुढे, मध्ये आणि शेवटी असे तीन माणसांना कागद-पेन्सिल देऊन ऐकलेले लिहायला सांगावे. त्यांतला एक तरी साठीच्या पुढचा असावा. हॉलमध्ये नेहमी जेवढी माणसे असतात तेवढी बसलेली असावी. आमच्याकडे पुढच्याचे जवळजवळ सगळे बरोबर आले, शेवटी बसलेल्या हाजीसाहेबांचे निम्म्याहून जास्त चुकले. मिस्त्रीने व्हॉल्यूम वाढवून पुन्हा वाचायला लावले. हाजीसाहेबांचा कागद काही सुधारला नाही, पुढच्याने मात्र "बस करा" म्हणून हात वर केला.

मग मधल्या भिंतींवर दोन स्पीकर लावले, मागे पडदा सोडला, माइक जवळ घेतला आणि व्हॉल्यूम खाली आणला. आकड्यांचा क्रम बदलून यादी पुन्हा वाचली. या वेळी हाजीसाहेबांच्या चुका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या, आणि त्यांतल्या दोन वाचणाऱ्याच्या निघाल्या. सर्व कागद आम्ही फाईलला लावून ठेवले आहेत. पुढच्या वेळी कोणी मोठा अँप्लिफायर घ्या म्हणाले की ते त्याच्यापुढे ठेवता येतात.